एका समुद्राचे तेरा शेजारी

सन २०२१च्या सप्टेंबर महिन्याच्या २६ तारखेस सायंकाळी बंगालच्या उपसागरातील एक चक्रीवादळ आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमच्या परिसरात, भूमीवर चढले. पाकिस्तानने सुचविलेले ‘गुलाब’ हे नाव त्यास मिळाले होते. उष्ण पाण्याचा आधार तुटला की चक्रीवादळाचा जोर ओसरू लागतो, हा सृष्टिनियम त्यासही चुकला नाही; तथापि ते समूळ विरून न जाता तेलंगणामार्गे मराठवाड्यात उतरले, मांजरेच्या खोऱ्यात त्याच्यामुळे असा पाऊस कोसळला की काढणीस आलेले सोयाबीन शेतांतच पाण्याखाली गेले, आणि तेथून गुजरातेत जाऊन, खंभातच्या आखातावरून सरकत, महिनाअखेरीस ते अरबी समुद्रात पोहोचले. तेथे उष्ण जलाचा आश्रय लाभताच त्याने पुनश्च चक्रीवादळाचे रूप धारण केले. मधल्या काळात त्याचा वादळ हा दर्जा संपुष्टात आला असल्यामुळे शिरस्त्याप्रमाणे त्यास नवे नाव देण्यात आले, ते कतारने सुचविलेले ‘शाहीन’. आणि ऑक्टोबरच्या ३ तारखेस रात्री हे शाहीन ओमानच्या बातिना किनाऱ्यावर जाऊन आदळले.

आठवडाभराच्या या प्रवासात दोन समुद्र आले, एक अवघे द्वीपकल्प आले, आणि अनेक राज्यांच्या सरहद्दी आल्या. परंतु त्याचा माग ठेवणारे दप्तर एकच होते. दिल्लीच्या लोदी मार्गावरील मौसम भवनात बसलेले भारतीय हवामान खात्याचे अधिकारी वादळ कोठे आहे, त्याचा वेग किती आहे, ते कोणत्या दिशेस वळेल आणि त्याचे बळ वाढेल की घटेल, याची निवेदने तयार करीत होते, आणि ती निवेदने जशी मुंबईस व अहमदाबादेस जात होती, तशीच ती मस्कतला, तेहरानला आणि इस्लामाबादलाही जात होती. ज्या काळात हे घडत होते तो काळ ध्यानी घ्यावयास हवा. भारत आणि पाकिस्तान यांनी परस्परांच्या राजधान्यांत उच्चायुक्त ठेवणे ऑगस्ट २०१९पासून बंद केलेले होते, उभय देशांतील व्यापार थांबलेला होता, आणि दक्षिण आशियाई राष्ट्रांच्या ‘सार्क’ संघटनेची शिखर परिषद २०१४च्या काठमांडू बैठकीनंतर भरलेलीच नव्हती. मुत्सद्द्यांचे सारे दरवाजे बंद असताना हवामानखात्यांमधला हा दरवाजा उघडा होता, आणि तो कोणी उदारपणे त्या दिवसापुरता उघडलेला नव्हता. तो अर्धशतकापूर्वीपासूनच उघडा होता.

राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्याचा विचार करताना आपण बहुधा दोनच चित्रे डोळ्यांसमोर आणतो. एक, सगळ्या जगाच्या प्रतिनिधींनी भरलेले विशाल सभागृह, जेथे संपूर्ण मानवजातीच्या नावाने ठराव होतात. दुसरे, दोन राष्ट्रप्रमुखांचे हस्तांदोलन. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी पायरी आहे, जिच्याकडे वृत्तपत्रांचे लक्ष क्वचितच जाते. ती म्हणजे एकाच संकटाच्या टापूत राहणाऱ्या शेजारी राज्यांचे एखाद्या मर्यादित कामापुरते एकत्र येणे. माझ्या मते जगाला भेडसावणारे कितीतरी प्रश्न याच पायरीवर प्रत्यक्षात हाताळले जातात, कारण एकट्या राज्याच्या आवाक्यापेक्षा ते मोठे असतात आणि अवघ्या जगाच्या बैठकीत मात्र ते इतके पसरट होतात की त्यांना हात घालावा कोठून हेच कळत नाही. चक्रीवादळ हे त्याचे अत्यंत बोलके उदाहरण आहे.

चक्रीवादळास जन्म घ्यावयास सुमारे सव्वीस-सत्तावीस अंश सेल्सियसहून अधिक उष्ण असे समुद्रपृष्ठ लागते, आणि विषुववृत्तापासून काही अंतर लागते, की जेथे पृथ्वीच्या परिवलनामुळे आत ओढल्या जाणाऱ्या वाऱ्यास चक्राकार गती मिळू शकेल. उत्तर हिंदी महासागरात ही परिस्थिती वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी एप्रिल ते जून आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, अनुकूल होते. जगातील एकूण चक्रीवादळांपैकी या समुद्राच्या वाट्यास येणारी वादळे सात टक्क्यांच्या आसपासच असतात. आणि तरीही इतिहासात ज्यांनी सर्वांत अधिक माणसे मारली, अशा वादळांतील बहुतेक याच समुद्रातील आहेत. याचे कारण वाऱ्यात नसून किनाऱ्यात आहे. बंगालचा उपसागर उत्तरेकडे नरसाळ्याप्रमाणे निमुळता आणि उथळ होत जातो. वादळ जे पाणी आपल्यापुढे ढकलीत आणते, त्यास पसरावयास जागा उरत नाही, म्हणून ते वर चढते, आणि समोर गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना यांनी गाळ आणून रचलेला, समुद्रसपाटीहून जेमतेम वर आलेला, दाट वस्तीचा मुलूख असतो. तेथे माणूस वाऱ्याने क्वचितच मरतो. तो पाण्याने मरतो.

नोव्हेंबर १९७०च्या १२ आणि १३ या तारखांच्या दरम्यानच्या रात्री पूर्व पाकिस्तानच्या भोला, हातिया, मनपुरा या बेटांवर जे घडले, त्याचा हिशेब आजवर कोणासही नीट मांडता आलेला नाही. मृतांची संख्या तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत सांगितली जाते. तजुमुद्दीन या एका ठाण्याच्या हद्दीतील जवळजवळ निम्मी माणसे त्या एका रात्रीत गेली. हे वादळ अकल्पित मुळीच नव्हते. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी ते पाहिले होते. कॉक्सबझारच्या रडारवर ते दिसले होते. आणि कलकत्त्याहून कुवेतकडे निघालेले ‘महाजगमित्र’ हे भारतीय मालवाहू जहाज १२ तारखेस बुडण्यापूर्वी आपण प्रचंड झंझावातात सापडलो असल्याचा संदेश देऊन पन्नासही जणांसह नाहीसे झाले होते. उपसागरातील जहाजांकडून वादळाविषयीची अशी अनेक निरीक्षणे भारताच्या हाती येत होती. परंतु दोन्ही देशांचे संबंध वैराचे असल्यामुळे ती पलीकडे पोहोचविली गेली नाहीत, असे त्या आपत्तीचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. सर्व निरीक्षणे वेळेवर ढाक्यास पोहोचली असती तर किती माणसे वाचली असती, हा प्रश्न निराळा. बेटांवर चढून जावे अशी उंच जागाच नव्हती, आणि रेडिओवरून दिलेल्या सूचनांचा अर्थ लोकांना उमगला नव्हता. पण एकाच उपसागराच्या काठावर एका बाजूस माहिती आणि दुसऱ्या बाजूस मृत्यू, अशी स्थिती निर्माण झाली होती ही गोष्ट निर्विवाद आहे, आणि तिची लाज वाटून घेण्याइतके शहाणपण पुढच्या दोन वर्षांत सर्वांनी दाखविले, हे या प्रदेशाच्या इतिहासातील एक विरळा सुचिन्ह मानावे लागेल.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याच वर्षअखेरीस जागतिक हवामान संघटनेस उष्णकटिबंधीय वादळांच्या प्रश्नात लक्ष घालण्याचे आवाहन केले. त्या संघटनेने आणि बँकॉक येथे ठाणे असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आशियाविषयक आर्थिक आयोगाने मिळून १९७२ साली बंगालचा उपसागर व अरबी समुद्र यांच्याकरिता चक्रीवादळ समिती स्थापन केली, आणि तिची पहिली बैठक जानेवारी १९७३मध्ये बँकॉकला झाली. बांगलादेश युद्धाच्या जखमा अद्याप ओल्या होत्या. पाकिस्तानने बांगलादेशास राज्य म्हणून मान्यतादेखील दिलेली नव्हती, ती १९७४ साली मिळाली. अशा हवेत वादळांचा विचार करणारी समिती जन्मास यावी, यातच तिच्या स्वभावाचे रहस्य आहे. तिने सभासदांकडे मैत्रीची मागणी केली नाही, पूर्वीच्या अन्यायांचा निवाडा करण्याचे काम अंगावर घेतले नाही, एवढेच काय, नद्यांच्या पाणीवाटपासारख्या जवळच्या विषयासही हात लावला नाही. तिने मागितले ते इतकेच, की ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीने घेतलेली निरीक्षणे प्रत्येकाने सर्वांना द्यावीत, आणि वर्षातून एकदा जमून गेल्या वर्षीच्या वादळांत कोणाचे अंदाज कोठे चुकले ते सांगावे.

बाहेरच्या माणसास हे काम रूक्ष वाटेल. पण त्याचे मोल समजून घ्यावयाचे असेल तर हवामानाचा नकाशा कसा तयार होतो हे पाहावे. ग्रीनिच येथे मध्यरात्र होते, तेव्हा भारतात पहाटेचे साडेपाच, कराचीत पाच आणि ढाक्यात सहा वाजलेले असतात. आणि त्या एकाच क्षणी जगभरातील वेधशाळा आपापल्या जागचा वायुभार, तापमान, आर्द्रता, वाऱ्याची दिशा व गती यांची नोंद करतात. समान वायुभाराची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा नकाशावर काढावयाच्या, तर त्या राज्याच्या सरहद्दीशी येऊन थांबत नाहीत. श्रीलंकेची निरीक्षणे नसतील, तर तमिळनाडूच्या दक्षिणेस जन्म घेत असलेला अवदाब वेळीच ओळखता येत नाही. म्यानमारची नसतील, तर अंदमानच्या पूर्वेकडील हवेचे आकलन होत नाही. ओमानची नसतील, तर अरबी समुद्रातील वादळ पश्चिमेस जाईल की कच्छकडे वळेल, याचा अदमास बांधणे अधिक कठीण होते. उपग्रहांमुळे हे अवलंबित्व कमी झाले आहे खरे, परंतु नाहीसे झालेले नाही. उपग्रह ढगांचे माथे पाहतो, किनाऱ्यावरचा वायुभारमापक मात्र वादळाच्या पोटातले सांगतो.

जागतिक हवामान संघटनेने चक्रीवादळांसाठी पृथ्वीवर जी सहा प्रादेशिक विशेषीकृत केंद्रे नेमली आहेत, त्यांपैकी एक नवी दिल्ली येथे आहे. बाकीची मायामी, होनोलुलू, टोकियो, फिजीतील नादी आणि रीयुनियन बेट येथे आहेत. दिल्लीच्या केंद्राने ही जबाबदारी १९८८ साली स्वीकारली. हे केंद्र समुद्र शांत असला तरीदेखील दररोज आपला अहवाल सभासद देशांना धाडते, आणि वाऱ्याची गती ताशी ६२ किलोमीटरपर्यंत जाऊन वादळाचे नामकरण झाले, की दर तीन तासांनी निवेदन निघू लागते. या केंद्राचा कोणावरही हुकूम चालत नाही, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगावयास हवी. बंदरात कोणता बावटा लावावयाचा, कोणत्या गावातील लोक हलवावयाचे, मच्छीमारांस समुद्रात जाण्याची मनाई केव्हा करावयाची, हे ठरविण्याचा अखत्यार ज्या त्या राज्याचा असतो. दिल्ली फक्त आपला अंदाज पुढे ठेवते. सार्वभौमत्वाविषयी अत्यंत हळव्या असलेल्या राज्यांनी ही व्यवस्था दीर्घकाळ मानली, ती याच संयमामुळे.

केवळ निवेदने पाठवून काम भागत नाही, हेही लवकरच ध्यानात आले. समुद्राचे पाणी किनाऱ्यावर किती फूट चढेल, याचे गणित वाऱ्याच्या अंदाजाहून निराळे व अवघड आहे; त्यासाठी किनाऱ्याचा आकार, समुद्रतळाचा उतार आणि भरतीची वेळ हे सर्व हिशेबात धरावे लागते. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याकरिता गणिती प्रतिमान तयार केले, आणि समितीच्या विद्यमाने ते सभासद देशांच्या हवामानखात्यांना देऊन वापरण्यास शिकविले. वादळांचे अंदाज बांधणाऱ्या शेजारी देशांतील अधिकाऱ्यांना दिल्लीत बोलावून प्रशिक्षण देण्याचा परिपाठ आहे. त्यात ढाक्याचा तरुण अधिकारी, कोलंबोची अधिकारी स्त्री आणि मस्कतहून आलेला निरीक्षक शेजारी शेजारी बसून एकच उपग्रहचित्र वाचावयास शिकतात. पुढे संकटाच्या रात्री त्यांतील एखाद्यास दिल्लीच्या माणसास दूरध्वनी करावा लागतो, तेव्हा पलीकडचा आवाज ओळखीचा असतो. समितीचे सचिवालय काही वर्षे इस्लामाबादेत होते. शास्त्रीय केंद्र दिल्लीत आणि समितीचा कारभार इस्लामाबादेत, ही मांडणी कोणत्याही शिखर परिषदेत सुचविण्याचे धैर्य कोणास झाले नसते. येथे ती गाजावाजा न होता चालली.

सामान्य माणसाच्या कानी या सहकार्याचा जो एक भाग पडतो, तो म्हणजे वादळांची नावे. मस्कत येथे २००० साली झालेल्या बैठकीत नावे देण्याची कल्पना तत्त्वतः मान्य झाली, आणि सप्टेंबर २००४पासून ती अमलात आली. आरंभी आठ देशांनी मिळून चौसष्ट नावे दिली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या यादीत तेरा देशांची प्रत्येकी तेरा, म्हणजे एकूण १६९ नावे आहेत. कोणत्याही धर्माचा, राजकीय पक्षाचा वा व्यक्तीचा अधिक्षेप होऊ नये, उच्चारास सोपे असावे, आणि एकदा वापरलेले नाव पुन्हा येऊ नये, असे नियम आहेत. त्यातूनही चूक होतेच. श्रीलंकेने दिलेले ‘महासेन’ हे नाव २०१३ साली एका वादळास आले, तेव्हा ज्याने जलाशय बांधून देशास समृद्धी दिली, त्या राजाचे नाव संहारास कसे देता, असा आक्षेप त्याच देशातील लोकांनी घेतला, आणि ते नाव मागे घ्यावे लागले. नावांचा उपयोग भावनिक नसून व्यावहारिक आहे. एकाच वेळी दोन समुद्रांत दोन वादळे असतील, तर कोळ्याने रेडिओवर ऐकलेला इशारा आपल्यासाठी आहे की दुसऱ्या कोणासाठी, हे त्यास एका शब्दात समजते. पण त्याबरोबरच आणखी एक गोष्ट साधली आहे. जून २०२०च्या ३ तारखेस रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या परिसरात जे वादळ आले, ज्याने दिवेआगर-हरिहरेश्वरपासून दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळींच्या वाड्या जमीनदोस्त केल्या, त्याचे ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने दिले होते, आणि कोकणातल्या माणसास ते आपल्याच भाषेतले वाटले.

आता फलश्रुतीकडे वळावे. बांगलादेशाने स्वातंत्र्यानंतर लगेच रेड क्रॉसच्या साहाय्याने चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू केला. गावोगाव स्वयंसेवक नेमले, त्यांच्या हाती कर्णे, रेडिओ व बावटे दिले, आणि दिल्लीहून ढाक्यास व ढाक्याहून उपजिल्ह्यास आलेली सूचना शेवटच्या झोपडीपर्यंत नेण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. आज या स्वयंसेवकांची संख्या पाऊण लाखाहून अधिक आहे, आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. हे सर्व एकदम जमले असे नव्हे. एप्रिल १९९१च्या वादळात तेथे सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली, कारण इशारा पोहोचला तरी जावयास निवारे पुरेसे नव्हते. त्यानंतर खांबांवर उभे असलेले पक्के निवारे मोठ्या संख्येने बांधले गेले. नोव्हेंबर २००७मध्ये ‘सिद्र’ आले तेव्हा त्याचे बळ १९७०च्या वादळाहून कमी नव्हते; मृत्यू सुमारे ३,४०० झाले. तीन लाख आणि साडेतीन हजार या दोन आकड्यांत जे अंतर आहे, ते माणसाने, माणसाच्या शिस्तीने निर्माण केलेले अंतर आहे. ओडिशानेही १९९९च्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे गमावल्यावर असाच धडा घेतला, आणि २०१३च्या ‘फायलीन’मध्ये दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवून मृत्यूची संख्या पन्नासच्या आत ठेवली.

याच्या उलट बाजूचा दाखलाही तितक्याच स्पष्टपणे दिला पाहिजे. मे २००८च्या २ तारखेस ‘नर्गिस’ हे वादळ म्यानमारच्या इरावती नदीच्या मुखप्रदेशावर आले. दिल्लीच्या केंद्राने त्याआधी अनेक निवेदने पाठविली होती. वादळ कोठे आदळेल आणि किती प्रखर असेल, हे अठ्ठेचाळीस तास आधी कळविल्याचे भारतीय हवामान खात्याने सांगितले आहे. तरीही सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली वा बेपत्ता झाली. तेथील लष्करी राजवटीने लोकांना हलविण्याची पुरेशी तजवीज केली नव्हती, निवारे नव्हते, आणि नंतरच्या पहिल्या आठवड्यांत बाहेरून आलेल्या मदतीसही वाट मोकळी करून दिली गेली नाही. प्रादेशिक सहकार्य राज्याच्या दारापर्यंत येते. आत पाऊल टाकण्याचा त्यास अधिकार नाही. ही मर्यादा खेदजनक आहे, परंतु ती मानली म्हणूनच समिती टिकली, हेही विसरून चालणार नाही. आत शिरण्याचा अधिकार तिने मागितला असता, तर म्यानमार तिच्यात उरला नसता, आणि मग इशारासुद्धा पोहोचला नसता.

अशी रचना केवळ आपल्याच समुद्रावर आहे असे नाही. पूर्व आशियातील टायफून समिती आपल्या समितीच्याही आधी, १९६८ साली, स्थापन झाली, आणि तिच्यात उत्तर व दक्षिण अशी दोन्ही कोरिया सभासद आहेत. ज्या दोन राज्यांत आजही तहावर सही झालेली नाही, ती वादळांच्या एकाच यादीस नावे पुरवितात. उलटपक्षी, ‘सार्क’ने ढाका येथे १९९५ साली काढलेले हवामान संशोधन केंद्र वीस वर्षांनी बंद करण्यात आले. सर्वच विषय ज्या संघटनेच्या पोटात असतात, तिच्यात एका विषयावरचा बेबनाव दुसऱ्या सर्व विषयांवर पसरतो; आणि ज्या समितीच्या पुढे विषय एकच असतो, तिच्यात भांडणास जागा कमी राहते. म्हणून शेजाऱ्यांचे सहकार्य वाढवावयाचे तर एका मोठ्या छत्राखाली सारे आणण्यापेक्षा टोळधाड, त्सुनामी, साथीचे रोग, हिमनद्यांचे पूर अशा एकेका कामासाठी स्वतंत्र, शास्त्रज्ञांच्या हाती असलेल्या समित्या उभारणे मला अधिक श्रेयस्कर वाटते.

ज्या जागतिक संकटाची छाया आज या सर्व प्रयत्नांवर पडली आहे, ते तापमानवाढीचे. अरबी समुद्र एकेकाळी तुलनेने शांत समजला जाई. बंगालच्या उपसागरात चार वादळे झाली, तर येथे एक, असे प्रमाण सांगितले जाई. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी १९८२ ते २०१९ या कालखंडाचा अभ्यास करून अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या सुमारे ५२ टक्क्यांनी वाढल्याचे दाखविले आहे, आणि त्याचा संबंध समुद्रपृष्ठाच्या वाढत्या उष्णतेशी जोडला आहे. जून २००७मध्ये ‘गोनू’ ओमानवर गेले. नोव्हेंबर २०१५मध्ये ‘चपला’ आणि ‘मेघ’ ही दोन वादळे आठवडाभराच्या अंतराने येमेनमध्ये शिरली. मे २०२१मध्ये ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्यास समांतर जात असता मुंबईपासून दूर तेलक्षेत्रातील एक तराफा बुडून सत्तराहून अधिक कामगार प्राणास मुकले. हवेतील कर्बवायू कमी करणे ही कामगिरी तेरा देशांच्या कोणत्याही समितीच्या हातची नाही. त्यासाठी साऱ्या जगासच, आणि त्यातही ज्यांनी दीड शतक कोळसा व तेल जाळून संपत्ती मिळविली त्या राष्ट्रांस, वागणूक बदलावी लागेल. तोवर, आणि ती बदलल्यानंतरही दीर्घकाळ, तापलेल्या समुद्राच्या काठी राहणाऱ्यांना एकमेकांना वेळेवर हाक देण्यावाचून गत्यंतर नाही.

समुद्राचा स्वभाव बदलला तसतशी समितीही रुंदावत गेली. येमेन २०१६ साली आत आला, तो त्या दोन वादळांच्या तडाख्यानंतर. इराण, कतार, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती २०१८ साली आले, आणि यांतील कित्येकांचे परस्परसंबंध त्या वेळी किती ताणलेले होते, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्यास सांगावयास नको. तथापि या समुद्राचा एक मोठा किनारा अद्याप यादीबाहेर आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये ‘गती’ हे वादळ, ज्यास भारताने नाव दिले होते, सोमालियाच्या ईशान्य किनाऱ्यावर आदळले. त्या देशाच्या नोंदीत इतके प्रबळ चक्रीवादळ पूर्वी आलेले नाही. सोमालिया समितीचा सभासद नाही. जागतिक हवामान संघटनेच्या प्रशासकीय विभागणीत तो आफ्रिका खंडात मोडतो आणि समिती आशियाची आहे. वादळाच्या दृष्टीने पाहिले, तर तो ओमान व येमेन यांचा शेजारी आहे. दिल्लीची निवेदने कोणासही वाचता येतात, परंतु ती वाचून गावोगाव पोहोचविणारे खाते अनेक दशकांच्या यादवीत तेथे मोडकळीस आले आहे. त्याचे अधिकारी दिल्लीतील प्रशिक्षणास यावेत, हाफूनसारख्या ठिकाणी निरीक्षणाचे उपकरण बसावे, आणि खंडांची प्रशासकीय रेषा बाजूस सारून त्यास समितीत पूर्ण सभासदाचे स्थान मिळावे, ही तजवीज समितीच्या पुढच्या वार्षिक बैठकीत भारत किंवा ओमान यांपैकी कोणीही मांडू शकेल, आणि ती भारताने मांडावी असे मला वाटते.